सात टक्क्यांचा हिशेब

"संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के. आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. हे शास्त्राने सिद्ध झालंय!" हा मजकूर व्हॉट्सअॅपवर अधूनमधून उगवतच असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की त्याला विशेष बहर येतो, कारण लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासवाल्यांना सुटीतल्या 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या बॅच भरायच्या असतात. सध्या फिरणाऱ्या आवृत्तीत खाली आणखी कलमं जोडलेली आहेत. देहबोली जगभर एकच असते. नजर चुकवणारा खोटं बोलत असतो. हाताची घडी घातली म्हणजे मन बंद. गप्प बसणाऱ्याला आत्मविश्वास नसतो. आणि शेवटी ठळक अक्षरात: "म्हणून भाषा येत नसली तरी काही अडत नाही. हसा, नजरेला नजर द्या, जग जिंका!"

खेड्यातून आलेल्या पोरापोरींना धीर द्यावा, हा हेतू दिसतो आणि तो वाईट नाही. पण यातलं एकही कलम जसंच्या तसं टिकत नाही, आणि त्याचा फटका बसतो तो नेमका त्याच पोरांना.

सुरुवात आकड्यांपासून करू. ते हवेतून आलेले नाहीत, ही गोष्ट खरी. अल्बर्ट मेहरेबियन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेतले मानसशास्त्रज्ञ. 1967 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन लहान प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात 9 सुटे शब्द होते: 3 प्रेमाचे, 3 ना धड गोड ना कडू आणि 3 कडू. ते वेगवेगळ्या स्वरात म्हणून टेप केले आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय असेल? दुसऱ्यात 'मेबी', म्हणजे 'कदाचित', हा एकच शब्द तीन तऱ्हांनी उच्चारलेला, आणि जोडीला चेहऱ्यांचे फोटो. दोन्हींचे निकाल एकत्र करून त्यांनी सूत्र मांडलं, की आवड-नावड ओळखताना शब्दाचं वजन 7, स्वराचं 38, चेहऱ्याचं 55.

आता या प्रयोगांत काय नव्हतं ते पाहा. अख्खं वाक्य नव्हतं. प्रश्न नव्हता, उत्तर नव्हतं, दोन माणसांचं बोलणंच नव्हतं. शब्द, स्वर आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एकाच प्रयोगात समोरासमोर ठेवलेल्याच नव्हत्या. आणि ज्या देहबोलीच्या नावाने हा मजकूर फिरतो, ती तर औषधालाही नव्हती. फोटो होते ते फक्त चेहऱ्यांचे. 55 टक्के चेहऱ्याचे होते, ते वाटेत कुणीतरी हात, पाय, खांदे आणि चालण्याच्या ढबीला वाटून टाकले. खुद्द मेहरेबियन यांनी आपल्या संकेतस्थळावर खुलासा करून ठेवलाय, की बोलणारा स्वतःच्या भावना किंवा आवड-नावड सांगत नसेल, तर ही समीकरणं तिथं लावू नयेत. पण खुलासा फॉरवर्ड होत नाही.

तरी शंका असेल तर घरबसल्या करून बघण्यासारखा प्रयोग आहे. तेलुगू येत नसेल तर एखादा तेलुगू सिनेमा लावा आणि खालच्या अनुवादाच्या ओळी बंद करा. आवाज आहे, चेहरे आहेत, हातवारे तर आपल्यापेक्षा चौपट आहेत. म्हणजे 93 टक्के कळायला पाहिजे. नायकाने कुणाला बडवलं ते कळेल. का बडवलं, जमिनीचा वाद होता की बहिणीचं लग्न मोडलं होतं, ते विचारू नका.

किंवा ऊसतोडीच्या उचलीची, म्हणजे आगाऊ पैशांची, बोलणी घ्या. बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी कारखान्यांकडे जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाशी फोनवर ठरतं: उचल किती, टनाला भाव काय, गाडी कुठल्या गावाला लागणार, आजारी पडलं तर खाड्याचे किती कापणार. यातला एक आकडा ऐकण्यात चुकला तर त्याची भरपाई मुकादमाचं गोड हसू करत नाही. फोनवर ते दिसतही नाही.

मेहरेबियन यांचं सूत्र जिथं लागू पडतं ती जागाही आपल्या ओळखीची आहे. दारात उभं राहून, एक हात कडीवर ठेवून कुणी म्हणतं, "जेवूनच जावा की आता." शब्द आग्रहाचे, स्वर निरोपाचा. पाहुणा निरोप ऐकतो आणि चपला शोधतो. शब्द आणि स्वर एकमेकांशी भांडत असतील तर आपण स्वरावर विश्वास ठेवतो, एवढंच त्या दोन प्रयोगांतून निघतं. ते खरं आहे, आणि आपल्या आज्यांना ते कॅलिफोर्नियाच्या आधीपासून ठाऊक होतं. पण त्याच दारातली दुसरी गोष्टही बघा. "चहा घेता का?" आणि "चहा टाकलाय, बसा" ही दोन वाक्यं तुम्ही हुबेहूब एकाच स्वरात, एकाच चेहऱ्याने म्हणा. पहिल्याला पाहुणा हमखास "नको, आत्ताच झाला" म्हणणार, दुसऱ्याला तो टेकणार. तसंच 'ये' आणि 'या'चं. वडीलधाऱ्या माणसाला "ए, इकडं ये" म्हणून मग कितीही विनम्र हसा. काय ऐकून घ्यावं लागेल ते गावात वाढलेल्या कुणालाही विचारा.

देहबोली जगभर एकच असते, या कलमाला उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. आपण डावी-उजवीकडे मान डोलावून होकार देतो. परदेशातून आलेला माणूस ती हलणारी मान बघून गोंधळतो, की हा हो म्हणतोय, नाही म्हणतोय की सगळं वाऱ्यावर सोडतोय. बल्गेरियात मान आडवी हलवणं म्हणजे होकार. इराणात अंगठा उंचावून दाखवणं ही परंपरेने शिवी. चेहऱ्यावरचे भाव तरी सगळीकडे सारखे असतील, असं मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या 1960 च्या दशकापासूनच्या कामामुळे बरीच वर्षं मानलं जात होतं. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिआंड बेटांवरच्या मुलांना डोळे विस्फारलेला, तोंड उघडं असलेला चेहरा दाखवला. पाश्चात्त्य मुलांना त्यात भीती दिसत होती. बेटावरच्या मुलांना त्यात धमकावणारा माणूस दिसला. एकाला जो घाबरलेला वाटतो, तो दुसऱ्याला अंगावर येणारा वाटतो!

आणि इथं परदेश लागतच नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली ओपीडी डोळ्यांपुढे आणा. एमबीबीएसनंतर बॉण्डची सेवा करायला शहरातून आलेला तरुण डॉक्टर, खिडकीपर्यंत लागलेली रांग, पंखा फिरतोय पण वारा लागत नाही. समोर पदर सावरून बसलेली आजी. डॉक्टर चांगला आहे, चिडत नाही, समजावून सांगतो. ही पांढरी सकाळी उपाशीपोटी, ही पिवळी रात्री जेवल्यावर, ही लाल रोज नाही, दुखलं तरच. आजी प्रत्येक गोळीला मान डोलावते. "हाव बाबा, हाव." डॉक्टरला वाटतं, समजलं. पुढचा पेशंट आत. आजी बाहेर येते आणि नातवाच्या हातात पिशवी देऊन विचारते, "काय म्हणलं रं ते डाक्टर?"

आजी खोटं बोलली नाही. तिची मान सांगत होती, की तुम्ही शिकलेले आहात, माझ्यासाठी एवढं बोलताय, मी ऐकतेय. डॉक्टरने त्या मानेतून वेगळाच अर्थ काढला, कारण त्याच्या घरात मान डोलावणं म्हणजे समजणं. यावर उपाय आहे, आणि तो अगदी साधा आहे. "आजी, आता तुम्हीच मला सांगा बरं, ही पिवळी कधी घ्यायची?" आजीच्या तोंडून तीन वाक्यं वदवून घ्यायची. चुकली तर पुन्हा सांगायचं. जगभरच्या दवाखान्यांत ही पद्धत शिकवली जाते, आणि ती सगळी शब्दांवर चालते.

नजर चुकवणारा खोटारडा, हे कलम मात्र खरोखर जगभर एक आहे. म्हणजे समजूत एक आहे. 58 देशांतल्या लोकांना 'खोटं बोलणारा कसा ओळखाल?' असं विचारलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर हेच होतं: तो डोळ्याला डोळा देत नाही. हा अभ्यास 2006 मधला. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 24,000 हून जास्त लोकांच्या निवाड्यांचा एकत्र हिशेब मांडला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तरी 50 मिळतात. डीपॉलो यांनीच त्याआधी 2003 मध्ये खोटेपणाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या 158 खुणा तपासल्या होत्या. नजर चुकवण्याचा आणि खोटं बोलण्याचा भरवशाचा संबंध त्यात सापडला नाही.

आपल्याकडे तर पोरीला लहानपणापासून बजावलेलं असतं, मोठ्यांपुढे नजर खाली ठेव. "वर मान करून बोलायलीस?" हे रागावणं तिने शंभरदा ऐकलेलं असतं. तीच पोरगी पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला बसते, साहेबाचा मान राखायला टेबलाकडे बघून उत्तर देते, आणि पलीकडे नोंद होते की ही काहीतरी लपवतेय. तिला समोर बघायला जरूर शिकवा, कामाचं आहे. पण त्या खोलीतली तशी रीत आहे म्हणून शिकवा. घरची रीत म्हणजे लबाडीची खूण, असं तिच्या डोक्यात भरवू नका. दोन्ही रीती सांभाळण्याइतकी ती हुशार असते. लातूरला राहून नीटचा अभ्यास करणाऱ्या पोरीला हे जड जाणार आहे का?

हाताची घडी म्हणजे मन बंद, यावर दोन ओळी पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाला गुरुजींनी एकच आज्ञा हजार वेळा दिली आहे: हाताची घडी, तोंडावर बोट! आपल्याकडे घडी घालून बसणारा माणूस लक्ष देऊन ऐकत असतो, किंवा डिसेंबरची थंडी असते.

राहिलं गप्प बसणं. कोण किती वेळ थांबून उत्तर देतो, याची मोजणी करणारा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 भाषांतली रोजची संभाषणं त्यात तपासली होती. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत होता. जपानी बोलणारे सगळ्यात चपळ, डॅनिश बोलणारे सगळ्यात सावकाश, आणि दोघांतलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आतलं. एवढ्याशा फरकानेही परका माणूस 'हा मंद आहे' किंवा 'हा तोडून बोलतो' असं मत बनवतो. त्या 10 भाषांत भारतातली एकही नव्हती, त्यामुळे आपल्याला तो आकडा लावता येत नाही. पण सोयरिकीच्या बैठकीला बसलेल्याने बघितलेलं असतं, की देण्याघेण्यावर तावातावाने बोलतो तो मुलीचा मामा. भिंतीला टेकून सुपारी कातरत गप्प बसलेला म्हातारा शेवटी एक वाक्य बोलतो आणि बैठक उठते. आत्मविश्वास कुणाकडे होता?

आता ते शेवटचं ठळक वाक्य: भाषा येत नसली तरी काही अडत नाही. हे वाक्य मराठवाड्यात लिहिलं जावं, याचं नवल वाटतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरी मराठी आणि कचेरीत उर्दू. ज्याला उर्दू येत नव्हती त्याला अर्ज लिहायला माणूस धरावा लागायचा, आणि कागदावर काय उतरलं ते त्याच्या भरवशावर मान्य करावं लागायचं. ती अडचण निजामाबरोबर संपलीही नाही. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, कागदावर 'कुणबी' हा एक शब्द आहे की नाही यावर एवढं सगळं अडलं होतं.

आणि जिथं भाषा रोज बदलते तिथली माणसं काय करतात तेही बघा. देगलूर, बिलोली, धर्माबादला बाजारात तेलुगू कानावर पडते, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, हैदराबादशी व्यवहार असेल तर दखनी. तिथले व्यापारी आणि हमाल हातवाऱ्यांवर भागवत नाहीत. वजनाचे, भावाचे, नात्याचे, मुदतीचे शब्द ते समोरच्याच्या भाषेत शिकून घेतात. व्याकरण मोडकं असेल, लिंग-वचन चुकत असेल, पण 'आठ दिवसांनी' आणि 'आठ दिवसांत' यातला फरक त्यांना तीन भाषांत कळतो. त्या बाजारात "याला भाषा येत नाही, पण हसतो छान" म्हणून कुणी मिरचीचं पोतं उधार दिल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.