कोड आला म्हणजे मॅप सेन्सर गेला, असं नसतं

मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. त्याच्याबद्दल गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो : 'पी०१०६, पी०१०७ किंवा पी०१०८ आला की मॅप सेन्सर बदला. खात्री हवी तर सेन्सरचा प्लग काढा, इंजिन सुधारलं तर सेन्सरच खराब. पैसे वाचवायचे तर आत कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) स्प्रे मारा.'

पहिलं वाक्यच चुकीचं. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, नोंदवलेली तक्रार; तो कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. पी०१०७ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज फार कमी, पी०१०८ म्हणजे फार जास्त. पी०१०६ मध्ये रीडिंग थ्रॉटल (हवेची झडप किती उघडी) आणि आरपीएमशी (इंजिनाचे फेरे) जुळत नाही, आणि बहुतेक वेळा फसगत होते ती इथेच. आधी इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा. स्कॅनरवर (गाडीला जोडून कोड आणि रीडिंग वाचायचं यंत्र) बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे : समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, पुढे दर १०० मीटर उंचीला साधारण १.१ ने कमी. मग गरम इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनला बहुधा ३० ते ४० येतात. बंद इंजिनला १०१ आणि आयडलला ६० येत असतील, तर मॅनिफोल्डला टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्युम गेज जोडा. गेज १२ इंच व्हॅक्युम, म्हणजे १०१ आणि ६० मधलाच फरक, दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतोय! मग इनटेकची गळती, फाटलेली ओ-रिंग, दात सरकलेला टायमिंग बेल्ट, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) शोधा.

प्लग काढल्यावर ईसीयू थ्रॉटल आणि आरपीएमवरून अंदाजी आकडा वापरतो. इंजिन सुधारलं, तर आधीचा सिग्नल त्याला मानवत नव्हता, एवढंच कळतं. वायरिंग संशयातून सुटत नाही. त्यापेक्षा मीटर घ्या. प्लग काढून, इग्निशन ऑन ठेवून रेफरन्स (ईसीयूकडून सेन्सरला येणारा पुरवठा) आणि ग्राउंड पिनमध्ये ५ व्होल्ट मिळतात का पाहा. नसतील तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. त्यातला एखादा शॉर्ट झाला तरी पी०१०७ येतो. ५ व्होल्ट असतील तर फ्यूज असलेल्या जंपरने (जोडवायरने) रेफरन्स आणि सिग्नल क्षणभर जोडा. रीडिंग कमाल झालं तर वायर आणि ईसीयू ठीक, आता संशय सेन्सरवर. पी०१०८ असेल तर प्लग जोडलेला ठेवून, मागून प्रोब लावून ग्राउंड तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको, कारण खराब ग्राउंड सिग्नल वर ढकलतो. पिनांचा क्रम मात्र वायरिंग डायग्राममधूनच घ्या, अंदाजाने जंपर लावू नका.

कार्ब क्लीनर तर नकोच. आतल्या डायफ्रामवरचं जेल सॉल्व्हंटने खराब होऊ शकतं. कार्बन बहुतेकदा मॅनिफोल्डच्या भोकात साचतो, सेन्सर काढून ते भोक कापडाने पुसा.

जाता जाता : 'बंद इंजिनला सिग्नलचे ४.५ व्होल्ट हवेतच' असंही सांगतात, ते टर्बो गाड्यांना लागू नाही. ३ बारपर्यंत मोजणारा सेन्सर तिथे २ व्होल्टच्या आत दाखवतो, आणि तो चांगला असतो.