दाबा, धरा, सोडा

गाडी पळवायची हौस मला कधीच नव्हती. मागे एका लांबलचक उतारावर ब्रेक इतके तापले, की पेडल दाबल्यावर गाडी ‘बघू, जमलं तर थांबते’ म्हणाल्यासारखी वागली. तेव्हाच ठरवलं, मोठे ब्रेक बसवायचे. एका जाणत्याने समजावलं, की गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. मोठी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती, असते ती उष्णता पचवायला. वेग 50 चा 100 झाला, तर ब्रेकला पचवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. मी गंभीरपणे मान डोलावली आणि मोठ्या डिस्क नि त्यांना चिमट्यासारखे धरणारे लाल रंगाचे कॅलिपर मागवले. लाल का, ते विचारू नका.

ते आले आणि दोन दिवस टेबलावर विराजमान झाले. मुक्कामाला असलेल्या सासऱ्यांनी चष्मा सरसावून विचारलं, “जावईबापू, हे शोभेचं आहे की गाडीला लावायचं?”

लावायला घेतलं. मी गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. तरीही सासऱ्यांनी माझ्याकडे एकदा बघून एक वीट आणून टेकलेल्या चाकामागे ठेवली. पहिला गंजका बोल्ट सुटायला पाऊण तास आणि माझ्या तीन बोटांची सालं लागली. उरलेले तीन दहा मिनिटांत सुटले. बोल्टांमध्येही एखादा घरातला थोरला असतो.

मग ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढणं. कामाला माणसं दोन लागतात : एक पेडलवर, दुसरा चाकापाशी नळी आणि बाटली घेऊन उकिडवा. घरात रिकामे सासरेच होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना हुकूम सोडायची ही माझी पहिलीच वेळ.

“दाबा!”

“दाबलं.”

“धरा!”

“धरलंय.”

मी निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचो, नळीतून बुडबुडे यायचे, निपल आवळायचो. “सोडा!” निपल आवळण्याआधी पाय उचलला, की बाहेर गेलेली हवा हसत हसत परत आत येते. सासऱ्यांच्या पायाला नेमकी तेव्हाच मुंगी यायची. ब्रेक ऑइलचे चार थेंब मडगार्डवर पडले, ते रंग खातं हे माहीत असल्याने मी बादली घेऊन धावलो, तर मागून आवाज आला, “अहो, सोडू का?”

दीड बाटली संपली, तरी पेडल ओल्या उशीसारखंच. शेवटी सासरे पाय मोकळे करायला खाली उतरले, चाकापाशी वाकले आणि म्हणाले, “हवा वर जाते ना? मग तुमची ही तोटी खाली का?”

मी बघितलं. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. वर असायला हवं ते निपल तळाशी, आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात. तिथे ती जन्मभर राहिली असती. मी काही बोललो नाही. सासरेही बोलले नाहीत, फक्त पुन्हा गाडीत जाऊन बसले आणि “दाबू?” म्हणाले. हे जास्त लागलं.

खरी जिरवली ती हँडब्रेकने. माझ्या गाडीत मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे छोटे शू, म्हणजे आतून घासून चाक धरणाऱ्या वाकड्या पट्ट्या, असतात आणि भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून एक दातेरी चाक फिरवून ते जुळवायचे असतात. नवी डिस्क घातल्यावर हँडब्रेक थेट छतापर्यंत वर यायला लागला. मी सोपा मार्ग धरला : आत बसून केबलचा नट आवळला. तीन ‘कट कट’मध्ये हँडब्रेक टाइट! मी खूश. दोन किलोमीटरवर जळका वास आला आणि मागच्या चाकाजवळ हात नेववेना. हँडब्रेक न ओढताच शू डिस्कला घासत होते.

क्रम उलटा असतो. आधी केबल पूर्ण ढिली करायची, मग दातेरी चाक फिरवून डिस्क अडेपर्यंत शू पसरवायचे, मग थोडे दाते मागे यायचं. डिस्क हाताने फिरली पाहिजे. त्यानंतर केबल. यात आणखी एक खोच : जे फिरवणं डावीकडे आवळतं तेच उजवीकडे ढिलं करतं. हे मला उजवं चाक अर्धा तास प्रामाणिकपणे ढिलं केल्यावर कळलं.

आता सहा ‘कट’ला हँडब्रेक लागतो. चढावर गाडी उभी करून, इंजिन बंद करून, गिअर काढून मी सासऱ्यांना दाखवलंसुद्धा. गाडी तसूभर हलली नाही. “उत्तम झालं,” ते मनापासून म्हणाले आणि डिकी उघडून वीट काढायला गेले.