रिडेव्हलपमेंटमध्ये आजींचं काय?

कोथरूडमध्ये सध्या गल्लीगल्लीत पत्रे लागलेत. एक बिल्डिंग पाडतायत, शेजारच्या बिल्डिंगची बिल्डरबरोबर मीटिंग चाललीये. कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, भाडं, सगळ्यावर रात्री अकरापर्यंत वाद होतात, पण ज्या घरात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा पेशंट आहे त्या घराचं काय, हे कोणाच्याच अजेंड्यावर नसतं.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे, डिमेन्शियाचाच एक प्रकार. जुन्या घरात त्या बऱ्यापैकी वावरायच्या, म्हणजे सकाळी जेवलेलं दुपारी विसरायच्या पण रात्री अंधारात उठून बरोबर बाथरूमला जाऊन यायच्या, कारण या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस आधी खराब होतो, नवीन काही टिकत नाही, पण अंगवळणी पडलेलं बराच काळ राहतं. आमचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो आणि ती सवयच उपयोगाची राहिली नाही. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभ्या, "चल गं, घरी जाऊ, हे येतील ऑफिसातून." सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते गेलेत असं सांगितलं की त्यांना दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखं रडू येतं, म्हणून आता आम्ही "चहा घेऊ, मग निघू" एवढंच म्हणतो.

आणि नुसतं घर नाही हो गेलं. खालचा इस्त्रीवाला, वाणी, कोपऱ्यावरची फुलवाली, सगळे त्यांना ओळखायचे, चुकून पुढे गेल्या तर "आजी, इकडं कुठं?" म्हणत घरी आणून सोडायचे. इथं त्यांना कोणी ओळखत नाही, म्हणून दाराला आतून कुलूप लावावं लागतं, आणि घरातलं एक माणूस कायम त्यांच्यामागे. ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते, हेही बोलायला हवं.

2023 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे साधारण 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. तुमच्या सोसायटीत साठीपुढचे पन्नासजण असतील तर हिशोब तुम्हीच करा. दिसत नाहीत कारण "वय झालं, चालायचंच" म्हणून कोणी डॉक्टरकडे नेत नाही, किंवा लोक काय म्हणतील म्हणून घरातच ठेवतात. नेलं पाहिजे, कारण बी-12 कमी असेल किंवा थायरॉईड असेल तरी विसरायला होतं, आणि त्याला उपचार आहेत.

कमिट्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ॲग्रीमेंटच्या आधी विचारा कोणाकडे असा पेशंट आहे का. त्यांना त्याच गल्लीत भाड्याचं घर मिळवून द्यायला खटपट करा, बिल्डरलाही कामाला लावा. नवीन जागेच्या वॉचमनकडे, वाण्याकडे आजींचा फोटो आणि घरचा नंबर देऊन ठेवा. आणि शेजाऱ्यांनो, बदाम द्या, शब्दकोडी सोडवायला लावा हे आम्ही खूप ऐकलंय. त्यापेक्षा शनिवारी दोन तास येऊन त्यांच्याजवळ बसा, तेवढ्यात घरातली बाई बँकेचं काम करून येईल नाहीतर नुसती झोपेल.