तीन इंचाचा गुटका आणि भाच्याचे ब्रेक

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, गाडी मागून तीन इंच उचलून घेतोय. साडेचार हजारात होतंय." मागोमाग व्हॉट्सअॅपवर क्लिप. वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या निम्म्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर सध्या हीच फिरतेय म्हणे. त्यातला इसम छातीठोकपणे सांगतो: एक्सल (मागची दोन चाकं जोडणारा दांडा) आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या) मध्ये 3 इंचाचे लोखंडी गुटके टाका (खायचे नव्हेत), लांब यू बोल्ट मारा, झालं. क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, वाढतो, पाण्यात गाडी अडत नाही, माल जास्त बसतो, ब्रेकला हातही लावावा लागत नाही आणि पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) कोणी वाकून बघत नाही.

एरवी असल्या क्लिपा मी उघडतही नाही. पण हा पोरगा रोज पहाटे वाशीहून भाजी भरून ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवतो.

क्लिअरन्सचं आधी उरकतो. मागे सगळ्यात खाली लोंबतो तो एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा, ज्यात चाकं फिरवणारे गिअर असतात. गुटका बसतो एक्सलच्या वर. म्हणजे उचलली जाते चासी (गाडीचा सांगाडा) आणि हौदा (माल भरायची मागची पेटी). गोळा होता तिथेच. खड्ड्यातला दगड लागायचा तो लागणारच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि त्याची भानगड निराळी. चासीचं पोट आणि मागचा बंपर वर जातो, हे मान्य. तेवढं पदरात घ्या.

पाण्याचंही तेच. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं, तर एक्सल आणि चाकांची बेअरिंग आधी होती तेवढीच बुडणार. मागून गुटका टाकून पुढचं इंजिन काही वर जात नाही.

जास्त माल? गुटका म्हणजे लोखंडाचा ठोकळा, तो स्प्रिंग नव्हे. वजन झेलतात ते पाटे, आणि ते तेच आहेत. आरसीवरचं एकूण वजनही तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 लावतं. हौदा उंच दिसला म्हणून काटा कमी दाखवत नाही.

आता ते ब्रेकचं वाक्य. ते ऐकूनच माझं डोकं फिरलं.

बऱ्याच पिकअपना मागे चासीला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी खाली एक्सलला जोडलेली. माल भरला की चासी बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. गाडी रिकामी असली की चासी वर राहते आणि मागचा ब्रेक कमी होतो. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन ती आडवी फिरेल. आता मध्ये 3 इंच लोखंड घाला. भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्हला रिकामीच वाटणार. पाठीवर टनभर कांदा, मागे ब्रेक रिकाम्या गाडीचा, आणि समोर ठाणे-बेलापूर रोडवर अचानक थांबलेली बस. व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते, याबद्दल क्लिपमध्ये अवाक्षर नाही.

अशी उचललेली एक गाडी मी गेल्या वर्षी खालून बघितलीय, टॉर्च मारून. दांडी पुरेना म्हणून कारागिराने ती बाइंडिंग वायरने वर बांधून टाकली होती. म्हणजे उलटा घोळ: व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेलीच वाटणार आणि पावसात रिकामी असताना ब्रेक मारला की घसरणार. एक्सलकडे जाणारा ब्रेकचा होज (रबरी नळी) वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ. चाक खड्ड्यात खाली उतरलं की ओढ त्याच्यावर. इंजिनची फिरकी मागच्या एक्सलला पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला होता, त्यामुळे त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, आधीच खडखडत होता.

पासिंगला कोणी वाकून बघत नाही, हे दुर्दैवाने पुष्कळदा खरं आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र बघतो. आणि कलम 52 स्पष्ट आहे: आरसीवरच्या नोंदी कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठामपणे सांगितलं. शिवाय 182अ कलमाखाली नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. साडेचार हजार वाचवून ठेव म्हटलं.

भाच्याची तक्रार खोटी नव्हती. गाडी मागून बसलीच होती. पण बसलेले पाटे मूळ कमानीत आणणं किंवा नवा सेट टाकणं वेगळं, आणि त्यांच्याखाली ठोकळा सरकवणं वेगळं. संध्याकाळी कोपरखैरण्याला त्याच्या दारात टेप घेऊन गेलो. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंत मोजलं, तर डावी बाजू उजवीपेक्षा सव्वा इंच खाली. आडवा होऊन आत टॉर्च मारला. डावीकडचा तिसरा पाटा सेंटर बोल्टपाशी तडकलेला. गुटका बरोबर त्याच्याखाली बसणार होता.