कांड्या फुल्ल, तरी नेट गपगार?

दादा, माझ्या फोरजीवरच्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली, जरा झोंबली पण कुणीतरी शेवटपर्यंत वाचलंय म्हणून बरंही वाटलं. तुमचं म्हणणं असं की फोरजीला एक जीबीपीएस (सेकंदाला हजार मेगाबिट) स्पीड ही मी मारलेली थाप आहे, आणि नवरात्राच्या गर्दीत कोल्हापुरात महाद्वार रोडला फोनवरच्या सिग्नलच्या कांड्या फुल्ल असून व्हॉट्सॲपवर एक फोटो जात नव्हता म्हणजे फोरजी सुधारलं वगैरे सगळं मार्केटिंग.

पहिलं मान्य. एक जीबीपीएस हा आयटीयूनं (दूरसंचाराचे निकष ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) ठेवलेला निकष, तोही जवळपास एका जागी थांबलेल्या माणसासाठी, गाडीतनं पळताना 100 एमबीपीएस. 2009 च्या डिसेंबरात स्टॉकहोम-ऑस्लोत सुरू झालेलं एलटीई, म्हणजे आज आपण ज्याला फोरजी म्हणतो ते नेटवर्क, त्यात बसतच नव्हतं, मग 2010 च्या डिसेंबरात आयटीयूनंच ढील दिली आणि त्यालाही फोरजी म्हणायची मोकळीक झाली. मी ते सगळं एका वाक्यात कोंबलं, चूक माझीच.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. कांड्या म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय एवढंच, त्याच टॉवरवर आणखी किती जण लटकलेत ते त्यात कुठं दिसतंय? चैत्र यात्रेला जोतिबाची बस समोर उभी दिसते म्हणून आत जागा असतीय काय? एलटीई-ॲडव्हान्स्डनं, म्हणजे त्याच एलटीईच्या सुधारलेल्या रूपानं, इथंच काम केलंय, फोन एकाच वेळी दोन-तीन बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, धरतोय (कागदावर 20 मेगाहर्ट्झ रुंदीचे पाच), म्हणजे एका बसच्या जागी दोन-तीन बसगाड्या. तरी यात्रा ती यात्राच.

आमचं मंगळवार पेठेतलं घर जुनं, भिंती दगडी. सोप्यात फोन 2300 मेगाहर्ट्झचा बँड दाखवतो, माजघरात गेलं की तो गायब आणि 850 वर येतो, कारण कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतनं जास्त आत शिरते. स्पीड पडतो, पण कॉल तुटत नाही.

आणि कॉलचं तर तुम्ही विसरलातच की! आधी कॉल आला की वरचं फोरजी जाऊन 'एच' (थ्रीजी) नाहीतर 'ई' (टूजी) यायचं, डाउनलोड जाग्यावर थंड, कारण एलटीईत जुन्या पद्धतीच्या कॉलची सोयच नव्हती, फोन खालच्या नेटवर्कवर उतरायचा. व्होल्टीईत, म्हणजे एलटीईवरनंच होणाऱ्या कॉलमध्ये, आवाजच डेटा होऊन जातोय, आता आई माझ्याशी बोलता बोलता भाजीची यादी पाठवती.

राहिलं तुमचं 'फाइव्हजी आलं, आता फोरजी काय उगाळताय'. तुमच्या फाइव्हजी फोनवरनं एक कॉल लावा आणि वरच्या कोपऱ्यात बघा, बऱ्याचदा तिथं फोरजीच येतंय.