‘वॅट बघा, नाव सांगा’: टूरचा निकाल आधीच कळतो म्हणणाऱ्यांना उत्तर

मे महिन्यात जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची सायकल रेस, सुरू झाली की एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो, जुलैत टूरच्या (टूर द फ्रान्स) वेळी तोच परत येतो, फक्त नावं बदललेली. मजकूर साधारण असा, की तीन आठवड्यांच्या सायकल रेसचा निकाल सुरू व्हायच्या आधीच काढता येतो: रायडरचे वॅट पर किलो (वजनाच्या दर किलोमागे पायांचा जोर) बघा, जूनमधली डॉफिने (टूरआधीची आठवडाभराची फ्रेंच रेस) कोणी मारली बघा, सगळ्यात तगडी टीम कोणाची ते बघा, आणि तरी शंका उरलीच तर पहिल्या मोठ्या घाटानंतर कोण पुढे आहे ते बघा. नाव मिळालं. पुढचे दोन आठवडे टीव्हीवर फ्रान्सचे किल्ले बघायचे.

किल्ल्यांबद्दल वाद नाही, मीही बघतो. बाकीच्याबद्दल आहे, कारण यातला प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं असलेलंच जास्त पसरतं.

‘वॅट पर किलो सगळं सांगतं.’

पहिली गोष्ट, हे जे आकडे नेटवर फिरतात ते बहुतेक वेळा मोजलेले नसतात, काढलेले असतात. घाट किती लांब, चढ किती, वर यायला किती वेळ लागला, यावरून कोणीतरी घरी बसून हिशोब करतं. वारा समोरून होता की मागून, पुढे कोणी ओढत होतं का (मागच्याला वारा कमी लागतो), हे धरण्यात थोडं इकडचं तिकडं झालं की आकडा हलतो. खरे आकडे टीमकडे असतात आणि टीम ते हातचे राखूनच ठेवते.

पण समजा आकडा अगदी खरा आहे. तरी तो सांगतो काय, तर ताज्या पायांनी हा माणूस वीस-तीस मिनिटं किती जोर लावू शकतो. रेसमध्ये प्रश्न वेगळा असतो, चार तास झालेत, दोन घाट पोटात गेलेत, ऊन आहे, खाल्लेलं नीट उतरत नाहीये, आणि आता तिसरा घाट लागलाय, आता किती? २०२२ च्या टूरची ११ वी स्टेज, म्हणजे अकराव्या दिवसाचा टप्पा, आठवा. स्लोव्हेनियाचा पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत पहिला, डेन्मार्कच्या विंगेगार्डच्या ३९ सेकंद पुढे, आणि त्या दिवसापर्यंत त्याचे पाय बघून कोणीही त्याच्यावरच पैसे लावले असते. मग गॅलिबिए घाटाच्या अलीकडेपलीकडे विंगेगार्डच्या युम्बो-विस्मा टीमने एकदा रोग्लिच, एकदा विंगेगार्ड, परत रोग्लिच असे आळीपाळीने अटॅक लावले, आणि पोगाचारजवळ मदतीला माणूस नसल्याने प्रत्येक अटॅकला त्याला स्वतःच उठावं लागलं. शेवटी कोल द्यु ग्रानोंवर, समुद्रसपाटीपासून २४१३ मीटरवर संपणाऱ्या त्या चढावर, जर्सीची चेन पूर्ण उघडी, तोंड लाल, आणि गडी जागच्या जागी थांबल्यासारखा. एका दिवसात २ मिनिटं ५१ सेकंद गेली. त्याचा वॅट पर किलो सकाळी जेवढा होता तेवढाच कागदावर होता, फक्त तो वापरायची वेळ आली तेव्हा आधीच खर्च झाला होता आणि तो दुसऱ्या टीमने खर्च करवला होता.

‘डॉफिने जिंकली म्हणजे टूर जिंकली.’

हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो कारण तपासायला दहा मिनिटं लागतात आणि कोणी तपासत नाही. २०१२ पासून २०२५ पर्यंत धरू. विगिन्स २०१२, फ्रूम २०१३, २०१५ आणि २०१६, थॉमस २०१८, विंगेगार्ड २०२३, पोगाचार २०२५, यांनी दोन्ही मारल्या. उरलेली वर्षं? २०१४ ला डॉफिने टलान्स्कीची, टूर निबालीची. २०१७ आणि २०१९ ला डॉफिने फुगलसांगची, टूर आधी फ्रूमची, मग बर्नालची. २०२० ला डॅनियल मार्टिनेझ आणि २०२१ ला रिची पोर्ट, दोन्ही टूर पोगाचारच्या. २०२२ आणि २०२४ रोग्लिचची डॉफिने, टूर अनुक्रमे विंगेगार्ड आणि पोगाचार. चौदा वर्षांत सात हो, सात नाही. म्हणजे नाणं उडवलं तरी चालेल. (नाणेफेकीपेक्षा बरं आहे म्हणा, कारण नाण्यावर दोनच बाजू असतात आणि टूरला पावणेदोनशेच्या वर रायडर असतात, म्हणून अर्धा खरा म्हटलं.)

आणि बरेचदा टूर जिंकणारा डॉफिनेला येतच नाही, २०२४ ला पोगाचार नव्हताच. आला तरी महिन्याभरात चित्र पालटतं. २०२५ च्या डॉफिनेतल्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची स्टेज) विंगेगार्डने पोगाचारला २८ सेकंदांनी मागे टाकलं, लगेच सगळीकडे ‘यंदा विंगेगार्ड’ सुरू झालं. टूरमध्ये कॉनच्या टाइम ट्रायलला पोगाचार दुसरा आणि विंगेगार्ड त्याच्या १ मिनिट ५ सेकंद मागे.

‘टीम तगडी तर निकाल पक्का.’

टीमने फरक पडतोच, ग्रानोंचं वर सांगितलं. पण २०२० ला युम्बोइतकी तगडी टीम दुसरी कुठली होती? रोज घाटात पुढे युम्बोच्या पिवळ्या-काळ्या कपड्यांतले पाच-सहा, आणि टूर गेली एकवीस वर्षांच्या पोगाचारकडे, ज्याच्याजवळ घाटात बऱ्याचदा स्वतःची सावली सोडून कोणी नव्हतं. उलटं उदाहरण २०२३ ची व्हुएल्टा, स्पेनची तीन आठवड्यांची रेस. टीम युम्बोच, आणि पहिले तिन्ही नंबर त्यांचेच, अंदाज बरोबर! पण जिंकला कोण? विंगेगार्ड नाही, रोग्लिच नाही. सेप कुस, जो त्याच वर्षी जिरोत आणि टूरमध्ये याच दोघांसाठी राबला होता. सहाव्या स्टेजला ब्रेकमधून (मुख्य घोळक्याच्या पुढे सुटलेल्या गटातून) वेळ मिळाला आणि तो वेळ त्याने धरून ठेवला, अँग्लिरू घाटावर तर त्याचेच दोघे साहेब त्याला सोडून पुढे गेले तेव्हा त्याच्या हातात ८ सेकंद उरली होती.

‘पहिल्या मोठ्या घाटानंतर पुढे असेल तोच शेवटी पुढे.’

आपल्याकडे मुंबई-पुणे रेसमध्ये घाटात पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आणि घाटाचा राजा झाला म्हणून पुण्यातही तोच पहिला येणार असं कोणी धरत नाही. एका दिवसाच्या रेसला जे कळतं ते २१ स्टेजच्या रेसला का कळू नये? २०२० ला रोग्लिच ९ व्या स्टेजपासून पिवळ्या जर्सीत होता आणि २० व्या स्टेजच्या सकाळी ५७ सेकंद पुढे. संध्याकाळी ५९ सेकंद मागे. ला प्लांश दे बेल फीयच्या ३६.२ किलोमीटरच्या टाइम ट्रायलने अकरा दिवसांचं काम धुऊन टाकलं. २०१८ च्या जिरोत सायमन येट्स १३ दिवस गुलाबी जर्सीत (टूरची पिवळी तशी जिरोची गुलाबी), तीन स्टेज जिंकलेला, आणि १९ व्या स्टेजला कोले देल्ले फिनेस्त्रे घाटावर असा फुटला की ३८ मिनिटांहून जास्त गमावली. त्याच दिवशी चौथ्या नंबरवरचा फ्रूम, ३ मिनिटं २२ सेकंद मागे असलेला, ८० किलोमीटर एकटा पळाला आणि जिरो घेऊन गेला.

आता खरा मुद्दा, जो मेसेजमध्ये लिहिलेला नसतो पण सगळ्या मुद्द्यांखाली असतो: सगळ्यात ताकदवान माणूस कोण ते शोधा, जिंकणारा मिळेल. माझा वाद याच्याशी आहे. ताकदवान कोण हे बऱ्यापैकी कळतं. जिंकणार कोण हे कोण कोणाच्या मागे जायला तयार आहे यावर ठरतं, आणि ते आदल्या रात्री त्या रायडरलाही माहीत नसतं.

पुन्हा तोच फिनेस्त्रे, तारीख ३१ मे २०२५, जिरोची शेवटून दुसरी स्टेज. साडेअठरा किलोमीटरचा चढ, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, वरचा भाग कच्चा, खडीचा. सकाळी डेल टोरो गुलाबी जर्सीत, कारापाझ ४३ सेकंद मागे, तोच सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. (सुरुवातीला ज्यांची नावं सगळ्यांनी घेतली होती ते रोग्लिच आणि आयुसो आधीच घरी गेले होते, एक पडून, दुसऱ्याला गुडघ्याच्या दुखण्यावर वर डोळ्याजवळ मधमाशी चावली म्हणून. मधमाशीचा कॉलम कुठल्या एक्सेलमध्ये असतो?) घाटाच्या पायथ्यालाच कारापाझच्या टीमने वेग वाढवला, कारापाझ सुटला, डेल टोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स मागे राहिला, सावकाश आला, आणि मग सुटला. इथून पुढे बघा. डेल टोरोचं गणित, की माझ्या सगळ्यात जवळ कारापाझ आहे, मी त्याला सोडणार नाही. कारापाझचं गणित, की गुलाबी जर्सी तुझी आहे, येट्सला पकडायचं काम तुझं, मी का ओढू? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. येट्स पुढे जात राहिला, हे दोघे एकमेकांकडे बघत राहिले, घाटमाथ्यावर येईपर्यंत जिरो कागदावर येट्सची झाली होती.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. येट्सच्या टीमने सकाळीच वाउट व्हॅन आर्टला ब्रेकमध्ये पाठवून ठेवलं होतं. नऊ टक्क्यांच्या खडीवर वेगच इतका कमी असतो की पुढच्याच्या मागे राहून फारसं वाचत नाही, पण उतरून आल्यावर सेस्त्रिएरेचा चढ लांब आणि हलका आहे, तिथे वेग जास्त, तिथे पुढे व्हॅन आर्टसारखा दणकट माणूस ओढायला असला की मिनिटं मिळतात. तो थांबला, येट्सला घेतलं आणि ओढत नेलं. मागचे दोघे अजूनही तू ओढ, मी नाही. शेवटी त्या एका दिवसात सव्वापाच मिनिटांचा फरक. जिरोत डेल टोरो दुसरा, कारापाझ तिसरा, तेलही गेलं तूपही गेलं. त्या दिवशी पाय येट्सचे सगळ्यात भारी होते का? कदाचित हो. पण डेल टोरोने पहिली पाच मिनिटं मागे लागायचं ठरवलं असतं तर आज आपण वेगळं बोलत असतो, आणि ते ठरवणं कुठल्याही वॅट मीटरवर दिसत नाही.

‘मग पोगाचारचं काय, त्याचं नाव घेतलं की बरोबरच येतं.’

२०२४ ला आलं, ६ मिनिटं १७ सेकंदांनी. २०२५ ला आलं, ४ मिनिटं २४ सेकंदांनी. मान्य, आणि यापुढेही मला एकच नाव घ्यायला लावलं तर मीही त्याचंच घेईन. पण हेच नाव २०२२ ला आणि २०२३ ला घेणारे लोक आता ते स्क्रीनशॉट दाखवत नाहीत. शिवाय दहातून सात वेळा जिंकेल असा माणूस तीन वेळा हरतो, हे अंदाज चुकणं नाही, अंदाजाचा अर्थच तो आहे. ‘पोगाचार ७० टक्के’ म्हणा, मी काही बोलणार नाही. ‘पोगाचार, लिहून घ्या’ म्हणता तिथे गडबड होते, कारण एप्रिल २०२४ मध्ये बास्क रेसच्या एका उतारावर विंगेगार्ड पडून फुफ्फुसाला इजा घेऊन दवाखान्यात गेला नसता तर त्या ६ मिनिटांचं काय झालं असतं ते लिहून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

राहता राहिलं रोजच्या स्टेजचं, कारण मेसेजच्या शेवटी हल्ली ‘स्टेजविनर पण सांगतो, पर्सनलवर या’ अशी ओळ असते. २०२५ ला टूरचा पहिला दिवस जिंकलेला फिलिप्सन तिसऱ्या दिवशी मधल्या स्प्रिंटला पडून घरी. व्हाँतू घाटावर सगळे पोगाचार-विंगेगार्ड बघायला बसले आणि स्टेज नेली ब्रेकमधल्या पारे-पँत्रने. २० व्या दिवशी पोंतार्लिएला केडन ग्रोव्ह्स, म्हणजे धंद्याने स्प्रिंटर (सपाटीवर अगदी शेवटी जोर मारणारा), शेवटचे किलोमीटर एकटा येऊन जिंकला. पर्सनलवर गेलेल्यांपैकी कोणाला ते नाव मिळालं होतं का, तेवढं कमेंटमध्ये सांगा.