सरासरी माणूस

मनगटाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारची मुलगी वही पुढे करून म्हणाली, "काका, गाडी जाताना ताशी 40 किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना 60 ने आली. सरासरी वेग?"

"पन्नास," मी म्हणालो. वर ऐटीत "सोप्पंय" असंही म्हणालो. तेच नडलं.

समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी केली. सावकाश, चार पदरी.

"शिक्षण काय आपलं?"

"पदवीधर."

"कशात?"

"वाणिज्य," हे मी इतकं हळू म्हणालो की त्यांनी ते मोठ्यांदा उच्चारून सगळ्यांना ऐकवलं.

"अंतर 120 धरा. जाताना किती तास?"

"तीन."

"येताना?"

"दोन."

"एकूण 240, भागिले पाच. बोला!"

"अठ्ठेचाळीस."

"हळू गाडीत वेळ जास्त गेला ना? मग सरासरी तिकडेच झुकणार!"

"पण 120 च का?"

"बरं, 60 धरा. करा पुन्हा."

केलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. खोकणारे लोकसुद्धा खोकायचे थांबले होते.

मुळात ही उदाहरणं रचतं कोण? हौदाला एक नळ भरणारा, एक रिकामा करणारा, दोन्ही एकदम चालू! माणूस आधी दुसरा नळ बंद करील की वही काढील? आमच्या भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त भुंगे तरी घातले. पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्यांच्यातल्या फरकाची तिप्पट कुटजावर. उत्तर 15, आणि एक भुंगा नुसताच भिरभिरतो. त्या भुंग्याचं दुःख मला कळतं.

राग त्या गृहस्थांचा नाही. म्हणजे आहे, पण शाळेचा जास्त आहे. 47 अधिक 38 करताना 'हातचा एक' घेतला. तो एक नव्हे, दहा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही. विचारलं तर "घ्यायचा असतो!" वर्षानुवर्षं घेत राहिलो, हात रिकामाच.

तेवढ्यात 17 नंबर आत गेला. माझा 31. एकेकाला सहा मिनिटं लागत होती. पुस्तकाआड बोटं मोजली.

"चौऱ्याऐंशी मिनिटं," मी बोलून गेलो. बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, ताळा न करता.

"शाब्बास!" गृहस्थ खुर्ची सरकवत म्हणाले, "म्हणजे भरपूर वेळ आहे."

मुलीने पान उलटलं. वर हौदाचं चित्र होतं.